वाकवणाऱ्याला सोपं

अबरिस्टविथ
९ डिसेंबर १९६२

प्रिय कादवन,

बस मिळाली, डब्यातली अंडी एक सोडून सगळी शाबूत पोचली, आणि दुसऱ्याच दिवशी मी कचेरीत टेबलाशी बसले. आपल्या बाबांना मातीत ठेवून आले आहे हे तिथे कुणाला फारसं जाणवलं नसावं. कोट वाळत घालायला सांगितला, चहा दिला आणि समोर कागदांचा गठ्ठा ठेवला. शाळांसाठीचा आपल्या भाषेचा हा लहानसा शब्दकोश ईस्टरपर्यंत छापखान्यात जायला हवा, आणि आम्ही तिघंच आहोत.

सध्या माझ्यापुढे 'हब्लिग' हा शब्द आहे. 'ह' म्हणजे सहज आणि 'प्लिग' म्हणजे घडी, बाक; जोडताना 'प'चा 'ब' होतो. जे सहज वाकतं ते. वाकवण्याचा हा शब्द रोमन लोकांबरोबर आपल्याकडे आला. त्यांच्या भाषेत तो घडी घालण्याचा होता. इंग्रजांकडेही त्याच मुळाचा शब्द फ्रान्समधून फिरून पोचलाय. एवढं पुस्तकात सापडतं. पण हल्ली वर्तमानपत्रवाले तो माणसांना लावतात, परिस्थितीशी जुळवून घेणारा या अर्थाने, आणि आमचे संपादक म्हणतात की हाच अर्थ आधी द्यावा. तुमच्या डोंगरात कोण कशाला हब्लिग म्हणतं, ते कळव. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं.

तू काय जेवतोस? मिस्टर फेन्विक येऊन गेले का? काय म्हणाले ते सगळं लिही, गाळू नकोस.

तुझी,
लिन


हावोद-लास
१६ डिसेंबर

प्रिय लिन,

बटाटे आणि खारवलेलं डुकराचं मांस, आणि रविवारी चॅपलनंतर शेजारी टेगिदच्या घरी जेवण. समाधान झालं असेल.

इस्टेटीचे कारभारी फेन्विक आले होते. गाडी खाली रस्त्यावर ठेवून चालत आले, म्हणजे कुंपणं नीट बघता आली. म्हणाले, खंडाचा करार तुमच्या वडिलांच्या नावाचा होता. मेरीच्या सणाला, म्हणजे पंचवीस मार्चला, तो तुमच्या नावावर करायला इस्टेटीची हरकत नाही, पण करारात कुंपणं राखायची अट आहे आणि रस्त्याकडचं झाडांचं कुंपण म्हणजे जंगल झालंय. ते चुकीचं बोलले नाहीत. बाबांच्या छातीचं दुखणं सुरू झाल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. वर झाडं झालीत आणि खाली बुंध्याबुंध्यांमधून मेंढी आरामात जाते. ते सगळं बुडाशी अर्धवट कापून आडवं वाकवायचं, पंचवीस मार्चच्या आत. मी करीन. ओढ्याकडच्या बाजूने सुरुवात केली आहे.

तुझा शब्द. इथे तो कोयता हातात असताना निघतो. हेझलचं झाड हब्लिग, म्हातारं काटेरी झाड नाही. माणसाला म्हणतात का, असं टेगिदला विचारलं, तर म्हणाला, "म्हणतात ना, माझ्या मेव्हण्याला. चहाच्या वेळी कुठल्याही घरात बसतो." हे छापणार असलीस तर मेव्हण्याचं नाव घालू नकोस.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मला शाळेपासून सगळे शेताच्या नावाने कादवन हावोद-लास म्हणतात, बाबांना हावोद-लासच म्हणायचे, नाव कुणी घेतच नव्हतं. शेत गेलं तर मला कादवन कोण म्हणायचं?

तुझा,
कादवन


अबरिस्टविथ
२ जानेवारी १९६३

प्रिय कादवन,

हे पत्र कधी पोचेल देव जाणे. पोस्टातला माणूस म्हणतो, डोंगराकडच्या सगळ्या वाटा बंद आहेत. इथे समुद्राकाठची वाळूसुद्धा गोठली आहे. माणसं तिच्यावर चालून बघताहेत. वर तुझ्याकडे काय असेल या विचाराने झोप लागत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी रागावून द्यायचं ठरवलं होतं, पण आता शांतपणे देते. माणसाला कादवन म्हणायला एक शेत लागत नाही. मी आठ वर्षं इथे आहे आणि मला सगळे मिस पॅरी म्हणतात, आणि मी जिवंत आहे. इथल्या दूध-डेअरीत ट्रकांचा हिशेब बघायला माणूस हवा आहे. पगारी काम, सहा वाजता घरी. तू मशिनं दुरुस्त करतोस, गणित बरं आहे, लोकांशी गोड बोलतोस. बदलायला तयार असणं यात कमीपणा नाही. उलट मी तर म्हणेन की तू आपल्या घरातला सगळ्यात हब्लिग माणूस आहेस. मी नाही, बाबा तर मुळीच नव्हते.

नाताळाआधी लायब्ररीत एका व्याख्यानाला मिस्टर फेन्विक भेटले. सभ्य माणूस आहे. तुझी चौकशी करत होते.

बर्फ हटेपर्यंत कुंपणाला हात लावू नकोस. हे मी तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते.

तुझी,
लिन


हावोद-लास
२० जानेवारी

प्रिय लिन,

तुझं पत्र टेगिदने रस्त्यापासून चालत आणून दिलं. त्यासाठी त्याला रस्ता कुठे आहे हे आधी शोधावं लागलं.

मेंढ्यांचं सांगतो. वरच्या भिंतीच्या आडोशाला बऱ्याच बर्फाखाली गेल्या. मॉस कुत्री वास घेऊन उभी राहते, मी लांब काठी खुपसतो, मऊ लागलं की खणायचं. बहुतेक जिवंत निघाल्या. एकमेकींची लोकर खाऊन राहिल्या होत्या. बाहेर काढल्यावर एक माझ्याकडे बघून शिंकली आणि पुन्हा वरच निघाली. गवत खाली टाकलंय, पण ह्यांना डोंगरच हवा.

कुंपणाचं काम चाललं आहे. काळजी करू नकोस.

तुझ्या शब्दाबद्दल मी इतके दिवस बर्फ उपसताना विचार करतोय, त्यामुळे जरा लांबेल. तू लिहिलंस, जे सहज वाकतं ते. पण कुंपणातलं कुठलंच खोड आपणहून वाकत नाही. न कापता ओढलंस तर सरळ उसळून तोंडावर येतं. बुडाशी तिरका घाव घालत जायचा, आरपार जायला आलं की थांबायचं, जिभेएवढी साल आणि तिच्यामागचं थोडं लाकूड ठेवायचं. मग ते दोन बोटांनी आडवं होतं. आणि त्या जिभेवर जगतं. त्याला बघून लोक म्हणतात, काय हब्लिग आहे. तर त्यातला तो 'सहज' कुणाचा? वाकणाऱ्याला काही सहज नसतं, लिन. सोपं जातं ते वाकवणाऱ्याला.

हे तुझ्या संपादकांना सांग. आणि डेअरीतल्या ट्रकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
कादवन


अबरिस्टविथ
३ फेब्रुवारी

प्रिय कादवन,

तू जो मुद्दा काढलास तो मी संपादकांपुढे ठेवला. ते चष्मा पुसत म्हणाले, शाळेच्या कोशात एवढी जागा नाही. मी अजून पान पुढे दिलेलं नाही. रोज दोन शब्द लिहिते आणि खोडते.

पण मला तुझ्या पत्रातलं दुसरंच वाक्य टोचतंय. काम चाललं आहे म्हणजे काय? नाताळापासून एकही दिवस गोठण्याच्या वर गेलेला नाही, रेडिओ रोज सांगतो. गोठलेलं लाकूड वाकत नाही. बाबा थोडंसं दव गोठलं तरी कोयता खुंटीला अडकवून चहा मागायचे, आणि आईने टोमणा मारला की म्हणायचे, आज हात लावला तर उद्या सरपण होईल. तू त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलास. मग चाललंय ते काय आहे?

मला खरं सांग. आणि फेन्विक पुन्हा आले तर त्यांच्याशी वाकड्यात जाऊ नकोस. डेअरीवाले महिनाअखेरपर्यंत थांबतील.

तुझी,
लिन


हावोद-लास
२४ फेब्रुवारी

लिन,

खरं हवं होतं ना, घे.

मी गोठलेल्या लाकडावर कोयता चालवला. जानेवारीत दोन दिवस ऊन पडलं, मला वाटलं सुटेल. सुटलं नाही, पण मी थांबलोही नाही. पंचवीस मार्च, पंचवीस मार्च, एवढंच डोक्यात. पहिली चार-पाच खोडं टिकली. मग एकेक जीभ काडीसारखी मोडायला लागली. शहाणा माणूस घरी गेला असता. मला वाटत राहिलं की पुढचं टिकेल, पुढचं टिकेल. रस्त्याकडेला फाटकापासून वळणापर्यंत आता नुसते खुंट उभे आहेत आणि काटक्यांचा ढीग. टेगिदने बघितलं, टोपी काढली आणि विचारलं, "प्रार्थना कोण म्हणतंय?" मग टोपी घातली आणि माझ्याबरोबर ढीग उचलायला लागला.

गुरुवारी फेन्विक आले. बरोबर जंगल लावणारा एक माणूस होता, त्याच्याकडे नकाशा. त्या दोघांनी ते खुंट बघितले. मला वाटलं आता कुंपणावरून बोलतील. बोलले नाहीत. अंगणात उभं राहून फेन्विक इंग्रजीत म्हणाले, आणि हे मी तुला शब्दाला शब्द सांगतो:

"मिस्टर पॅरी, इस्टेट हा सगळा डोंगर स्प्रूसच्या झाडांच्या लागवडीला देणार आहे. इतर कुळांकडे जाताना मला धास्ती वाटते, पण तुमच्या बहीणबाईंनी मला सांगितलंय की तुम्ही जुळवून घेणारे आहात, कुठेही रमाल. म्हणून सुरुवात तुमच्यापासून केली."

लायब्ररीत चौकशी करत होते म्हणे. तू काय उत्तर दिलंस ते लिहायचं राहिलं का?

मी त्यांना चहा विचारला नाही. आपल्या अंगणातून कुणी चहाशिवाय गेल्याचं मला आठवत नाही.

कादवन


अबरिस्टविथ
२७ फेब्रुवारी

कादवन,

मी तसं म्हणाले. त्यांनी विचारलं, शेत सोडावं लागलं तर तुमच्या भावाचं कसं होईल? हातात कप, भोवती माणसं, आणि मी दोन आठवडे तो एकच शब्द घेऊन बसले होते. तो तोंडात होता आणि मी तो इंग्रजीत करून त्यांना दिला. मला वाटलं मी तुझी स्तुती करते आहे. ते सौदा करत होते हे मला कळलं नाही, हे म्हणायला मला लाज वाटते, कारण कळायला हवं होतं.

तू समजत असशील की मला हावोद-लासची लाज वाटते, म्हणून मी तुला तिथून काढायला बघते. तसं नाही. मी क्वीन्स रोडला दोन झोपायच्या खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं. नोव्हेंबरातच. मागच्या बाजूला जागा आहे, मॉसला पुरली असती. तुझ्या भल्यासाठी म्हणून जे जे लिहिलं त्यातलं निम्मं तरी माझ्यासाठी होतं. आता ते घर दुसऱ्यांना दिलंय.

मी फेन्विकना लिहू का? मला काय बोलायचं ते माहीत आहे.

लिन


हावोद-लास
२ मार्च

लिन,

लिहू नकोस. तू पुष्कळ बोलली आहेस.

दोन खोल्यांचं मला सांगायला हवं होतंस. आलो नसतो, पण सांगायला हवं होतंस.

कादवन


अबरिस्टविथ
१९ मार्च

प्रिय कादवन,

पेन धरता येत नाही, म्हणून अक्षर असं. तुझ्या कुंपणाचे तीन काटे अजून बोटांत आहेत. घरमालकीण मिसेस बीवननी सुई तापवून दोन काढले आणि विचारलं, कोशाच्या कामात हे असं नेहमी होतं का.

शनिवारी मी न विचारता आले, तू मला बघून फाटक उघडलं नाहीस आणि मी त्यावरून चढले, त्याबद्दल काही बोलायचं नाही. दोन दिवसांत तू माझ्याशी फक्त "धर", "सोड" आणि "वरच्या अंगाला" एवढंच बोललास, त्याबद्दलही नाही. मला टेगिदचं पुन्हा पुन्हा आठवतं. बर्फ वितळून आठवडा झाला नाही तर खोऱ्यातली सगळी माणसं आपापले कोयते घेऊन आली, स्वतःची कामं तशीच टाकून, आणि त्याने त्या मोडक्या भागापुढे उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, इथे हावोद-लासने यंदा नवीन पद्धत काढली आहे, इंग्लंडहून लोक बघायला येणार आहेत. तू हसलास. बाबा गेल्यापासून मी तुला पहिल्यांदा हसताना बघितलं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं.

हेझलची ती लांब फांदी तू त्या खिंडारावरून ओढलीस आणि मधोमध मातीत पुरून वर आकडा ठोकलास. ती तिथे मूळ धरेल म्हणालास. मी पायाने माती दाबत होते तेव्हा मला खूप बोलायचं होतं.

सहा दिवस राहिलेत. फेन्विकना काय सांगणार आहेस?

तुझी,
लिन


हावोद-लास
२७ मार्च

प्रिय लिन,

फेन्विक सोमवारी आले. कुंपण फाटकापासून ओढ्यापर्यंत चालत बघितलं, खिंडारापाशी थांबले, पुढे गेले. बोट ठेवायला जागा नव्हती. मग म्हणाले, अट तुम्ही पाळलीत, पण लागवडीचं वरून ठरलंय, यंदा नाही तर पुढच्या वर्षी नोटीस येईल.

मी त्यांना आत बसवलं. चहा दिला. आणि सांगितलं की वरचा डोंगर घ्या. भिंतीपासून वर सगळा. घर, अंगण आणि खालची शेतं माझ्या नावावर करा, मी आहे तोवर, आणि ते कागदावर द्या. नाही तर मी इथून हलणार नाही. मग पुढच्या वर्षी नोटीस आणा, पोलीस आणा, चॅपलची सगळी माणसं फाटकात बसतील आणि वर्तमानपत्रात तुमचा फोटो येईल. टेगिदला फोटोची फार हौस आहे, हेही सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तुम्ही सोपे गृहस्थ नाही आहात." मी म्हटलं, नाही.

आज कागद आला. सही झाली.

तुझा,
कादवन


अबरिस्टविथ
३१ मार्च

कादवन,

डोंगर दिलास?

मी पत्र तीनदा वाचलं. आजोबांच्या आजोबांपासून आपण उन्हाळाभर गुरं घेऊन जिथे राहिलो तो डोंगर, जिथून आई हाका मारायची आणि खाली चॅपलपर्यंत ऐकू जायचं. तिथे आता स्प्रूसच्या रांगा. तू लढायला हवं होतंस. माणसं आली असती, मी आले असते, नोकरी सोडून आले असते. एवढ्या लवकर का वाकलास?

लिन


हावोद-लास
७ एप्रिल

प्रिय लिन,

जानेवारीत तू मला अख्खं शेत सोडून ट्रक मोजायला बोलावत होतीस. आता अर्धं दिलं तर मी लवकर वाकलो. तुझ्या कोशात या दोन पानांच्या मधे काही पान गळलंय का बघ.

मी लवकर वाकलो नाही. बर्फातून मेंढ्या काढत होतो तेव्हापासून हेच मोजत होतो, काय कापलं तर काय जगेल. सगळं धरून ठेवलं असतं तर गोठलेल्या खोडासारखं बुडापासून गेलं असतं. तसं कसं जातं ते मी जानेवारीत स्वतःच्या हाताने बघितलं आहे. मला याचा आनंद झालेला नाही. वर बघणं मी सध्या टाळतो.

डोंगर नाही म्हटल्यावर डोंगरातल्या मेंढ्या ठेवता येत नाहीत. खालची शेतं त्यांना पुरणार नाहीत. मागच्या मंगळवारी कळप मखन्लेथच्या बाजारात विकला. घेणारा माणूस चांगला आहे, समुद्राकडच्या सपाट जमिनीचा, गवत गुडघाभर. मी त्याला सांगितलं की ह्या कुंपणाने राहत नाहीत, आईबरोबर फिरून जागा शिकतात आणि तीच धरून राहतात. तो म्हणाला, खायला मिळालं की सवय होते.

आज सकाळी मॉस भुंकायला लागली. बाहेर आलो तर पाच जणी वरच्या भिंतीपाशी उभ्या. इतकं लांब कशा आल्या कोण जाणे. नदी आहे, रेल्वे आहे. पाय सोलवटलेले. लागवडवाल्यांनी शुक्रवारीच तिथे तारेचं कुंपण घातलंय. त्याला नाक लावून उभ्या होत्या. मी खालच्या शेताचं फाटक उघडलं, हाका मारल्या, धान्य दाखवलं. एकीनेही मान वळवली नाही. दुपारपर्यंत मी तिथेच त्यांच्याबरोबर उभा होतो. चॅपलला गेलो नाही.

त्या माणसाला फोन केला. म्हणाला, तुम्हीच आणून सोडा. सोडेन. पण मला एकट्याने ते जमणार नाही. एकाने गाडी चालवायची आणि एकाने मागे त्यांच्यात बसायचं, नाही तर त्या फळ्यांवर डोकी आपटून घेतात.

शनिवारी ये. फाटक उघडं असेल.

तुझा,
कादवन